मतदारयादी आणि रिकाम्या रांगा : नायजेरियातील पक्षीय राजकारण व नागरिकांचा भ्रमनिरास (१९६०–२०२५)

प्रस्तावना

२५ फेब्रुवारी २०२३ रोजी नायजेरियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतदारयादीत सुमारे ९ कोटी ३५ लाख नावे होती. मतदान केंद्रावर येऊन ज्यांची ओळख पटली असे मतदार सुमारे २ कोटी ५३ लाख, म्हणजे जेमतेम २७ टक्के निघाले. विजयी उमेदवार बोला टिनुबू यांना सुमारे ८८ लाख मते मिळाली. वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाचे सर्वोच्च पद यादीतील दर शंभर नावांमागे नऊ-दहा मतांवर प्राप्त झाले. वीस वर्षे मागे गेल्यास चित्र अगदी वेगळे दिसते. २००३ च्या निवडणुकीत ४ कोटी २० लाख मते नोंदली गेली आणि मतदानाचे अधिकृत प्रमाण ६९ टक्के होते. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, मतदारयादी वाढली, शहरे वाढली. मते मात्र दीड कोटींहून अधिक संख्येने घटली.

या घसरणीस सर्वसाधारणपणे ‘मतदारांची उदासीनता’ असे नाव दिले जाते. प्रस्तुत लेखकास ते नाव अपुरे वाटते. उदासीन माणूस रस्त्यावर उतरत नाही. नायजेरियाचा नागरिक मात्र १९९३, २०१२, २०२० आणि २०२४ मध्ये रस्त्यावर उतरला, आणि त्यासाठी त्याने प्राणांचे मोलही दिले. आफ्रोबॅरोमीटरच्या पाहण्यांतही तेथील बहुसंख्य लोक लोकशाहीलाच पसंती देतात आणि त्याच वेळी आपल्या देशात ती जशी चालते त्याविषयी तीव्र असमाधान व्यक्त करतात. तेव्हा हा राग लोकशाहीवरील नसून पक्ष नावाच्या संस्थेवरील आहे, आणि तो २०२३ च्या बराच आधीचा आहे, असे या लेखात दाखवावयाचे आहे. २००३ मधील ६९ टक्के हा आकडा सगळाच जिवंत मतदारांचा नव्हता. नोंदणीची आणि ओळख पटविण्याची यंत्रे आली, खोटी मते गळू लागली, आणि तेव्हा कोठे खरा मतदार आधीच निघून गेला असल्याचे ध्यानात आले.

आपल्या विद्यापीठांतून ‘आधुनिक जगाचा इतिहास’ शिकविताना आफ्रिकेचा प्रवास बहुधा १९६० च्या ध्वजारोहणापाशी थांबतो. ध्वज वर गेल्यानंतर नागरिकाचे काय झाले, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

प्रदेशांचे पक्ष

१ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्यापाशी तीन मोठे पक्ष होते, परंतु राष्ट्रीय म्हणावा असा पक्ष एकही नव्हता. उत्तरेत अहमदू बेल्लो यांची नॉर्दर्न पीपल्स काँग्रेस, पश्चिमेत ओबाफेमी अवोलोवो यांचा ॲक्शन ग्रुप, तर पूर्वेत ननाम्दी अझिकिवे यांच्या परंपरेतील नॅशनल काउन्सिल. हौसा-फुलानी, योरुबा आणि इग्बो या तीन मोठ्या समूहांशी हे पक्ष अनुक्रमे बांधले गेले होते. १९१४ मध्ये लुगार्ड यांनी उत्तर व दक्षिण हे प्रदेश एका प्रशासनाखाली आणले असले तरी राजकारण प्रदेशाप्रदेशानेच वाढले. भारतात काँग्रेसने स्वातंत्र्यापूर्वीच सर्व प्रांतांत शाखा रोवल्या होत्या. तशी संधी नायजेरियातील पक्षांना मिळाली नाही, आणि त्यांनी ती फारशी शोधलीही नाही.

या व्यवस्थेचे परिणाम लवकरच दिसले. १९६२-६३ च्या जनगणनांवरून वाद पेटला, कारण डोक्यांच्या संख्येवर जागा आणि निधी दोन्ही ठरणार होते. अवोलोवो यांना १९६३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला. १९६४ च्या संघीय निवडणुकीवर अनेक ठिकाणी बहिष्कार पडला. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम प्रदेशाच्या निवडणुकीत एस. एल. अकिंटोला यांच्या पक्षाने इतक्या उघडपणे गैरप्रकार केले की, लोकांनी घरे व मोटारी पेट्रोल ओतून जाळण्यास सुरुवात केली. याच सुमारास इबादान येथील नभोवाणी केंद्रात बंदूक घेऊन शिरून अकिंटोलांच्या विजयभाषणाची ध्वनिफीत बदलल्याचा आरोप तरुण नाटककार वोले सोयिंका यांच्यावर ठेवण्यात आला. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. देशाच्या पुढे नोबेल मिळविणाऱ्या लेखकाचे नाव निवडणुकीच्या निकालाविरुद्धच्या खटल्यात यावे, यावरून सुशिक्षित वर्गाची अस्वस्थता कोणत्या थराला गेली होती याची कल्पना येते.

१५ जानेवारी १९६६ रोजी लष्करी उठाव झाला. पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा, बेल्लो आणि अकिंटोला मारले गेले. त्याच महिन्यात चिनुआ अचेबे यांची ‘अ मॅन ऑफ द पीपल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा शेवटही लष्करी उठावानेच होतो. या योगायोगामुळे अचेबे यांच्यावर संशय घेतला गेला. वस्तुतः उठावाचे भाकीत करण्यास कटात सामील असण्याची गरज नव्हती. वृत्तपत्रे वाचणे पुरेसे होते. उठावानंतरचा प्रतिउठाव, इग्बोंची कत्तल आणि १९६७ ते १९७० चे बियाफ्रा युद्ध हा इतिहास सुपरिचित असल्याने त्याच्या तपशिलात येथे जात नाही.

कर न मागणारे राज्य

पक्षांना मतदार नकोसा का झाला, याचे उत्तर केवळ वांशिकतेत सापडत नाही. ते महसुलातही शोधावे लागते.

वसाहतकाळात सरकार कर मागत असे, आणि म्हणून लोकांच्या हाती सरकारला अडविण्याचे साधन होते. १९२९ मध्ये आग्नेय नायजेरियातील स्त्रियांनी त्यांच्यावरही कर बसणार या शंकेने मोठे बंड केले. वसाहत सरकारला तेथील प्रशासनाची पुनर्रचना करावी लागली. १९६८-६९ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, पश्चिमेतील कोको पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी ‘अग्बेकोया’ नावाचे करविरोधी बंड केले आणि लष्करी राजवटीला कर कमी करण्यास भाग पाडले. परंतु १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे सापडलेले खनिज तेल १९७० च्या दशकात राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य झरा बनले. निर्यात उत्पन्नात तेलाचा वाटा दीर्घकाळ ९० टक्क्यांच्या आसपास राहिला. सरकारला शेतकऱ्याच्या कराची गरज उरली नाही. आणि ज्याचा कर नको, त्याची संमतीही फारशी लागत नाही.

आजही अबुजा येथे दर महिन्याला संघीय खात्यातील रक्कम केंद्र, राज्ये व स्थानिक शासन यांच्यात वाटली जाते. राज्यांची संख्या १९६७ मध्ये १२ होती. ती १९७६ मध्ये १९, १९९१ मध्ये ३० आणि १९९६ मध्ये ३६ झाली. प्रत्येक नवे राज्य म्हणजे या वाटपातील एक नवा हिस्सा. अशा रचनेत पक्ष म्हणजे विचारांभोवती जमलेला समुदाय न राहता वाटपाच्या जागेपर्यंत पोहोचण्याची शिडी होतो. शिडीला निष्ठा नसते. दुसरीकडे नागरिक विजेसाठी घरोघर जनरेटर लावतो, पाण्यासाठी अंगणात विंधण विहीर खोदतो, वस्तीत पहारेकरी नेमतो. शासनाकडून त्याला प्रत्यक्ष मिळणारी एकच गोष्ट उरली होती : स्वस्त पेट्रोल. २०१२ चे आंदोलन याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

१९७९ मध्ये ओलुसेगुन ओबासान्जो यांच्या लष्करी सरकारने सत्ता निर्वाचित राष्ट्राध्यक्ष शेहू शगारी यांच्याकडे सोपविली. तेलाच्या भरभराटीतील हे दुसरे प्रजासत्ताक चार वर्षे टिकले. अचेबे यांनी १९८३ मध्ये ‘द ट्रबल विथ नायजेरिया’ हे छोटेखानी पुस्तक लिहून देशाच्या दुरवस्थेचे मूळ नेतृत्वाच्या अपयशात असल्याचे मांडले, आणि केवळ लिहून न थांबता अमिनू कानो यांच्या पीपल्स रिडेम्प्शन पार्टीत पदही स्वीकारले. पक्षीय राजकारणाचा त्यांचा तो अनुभव अल्पजीवी ठरला. त्याच वर्षीच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर ३१ डिसेंबर रोजी मुहम्मदू बुहारी यांच्या नेतृत्वाखाली लष्कर परतले, तेव्हा अनेक नागरिकांनी त्याचे स्वागत केले. १९८४ मध्ये बुहारींनी ‘बेशिस्तीविरुद्ध युद्ध’ पुकारले आणि बसथांब्यांवर लोक रांगेत उभे राहावेत म्हणून चाबूकधारी सैनिक उभे केले.

जाता जाता एक नोंद. ओबासान्जो यांनी १९६५ मध्ये भारतात वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी संस्थेत शिक्षण घेतले होते. इब्राहिम बाबांगिडा १९६३ मध्ये देहरादूनला होते. बुहारी १९७३ मध्ये वेलिंग्टनला. लष्करी शिक्षणासाठी काही काळ भारतात राहिलेले हे तिघेही पुढे आपल्या देशाचे लष्करी प्रमुख झाले. एकाच प्रकारच्या शिक्षणातून दोन देशांत इतके भिन्न परिणाम का निघाले, यावर स्वतंत्र संशोधन व्हावयास हवे.

१२ जून १९९३

१९८५ मध्ये बुहारींना दूर करून आलेल्या बाबांगिडा यांनी जगाच्या इतिहासात क्वचितच आढळणारा एक प्रयोग केला. जुन्या नेत्यांच्या पक्षांना मान्यता नाकारून त्यांनी १९८९ मध्ये सरकारतर्फेच दोन पक्ष स्थापन केले. एक किंचित डावीकडे झुकलेला सोशल डेमोक्रॅटिक पार्टी, दुसरा किंचित उजवीकडे झुकलेला नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शन. त्यांचे जाहीरनामे सरकारने लिहिले आणि देशभर कार्यालयेही सरकारने बांधून दिली. नागरिकांना पक्ष सरकारी खात्यासारखा मिळाला. विद्वानांनी या प्रयोगाची यथेच्छ थट्टा केली, आणि ती रास्तही होती.

तरीही या कृत्रिम चौकटीत मतदारांनी जे केले ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. १२ जून १९९३ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पार्टीचे उमेदवार मोशूद अबिओला हे दक्षिणेतील योरुबा मुस्लिम होते. त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बाबा गाना किंगिबे हेही मुस्लिमच. ख्रिस्ती मतदार अशा जोडीला नाकारतील असा सर्वसाधारण अंदाज होता. प्रत्यक्षात अबिओला यांना सुमारे ५८ टक्के मते मिळाली. प्रतिस्पर्धी बशीर टोफा यांच्या स्वतःच्या कानो राज्यातही अबिओलाच पुढे राहिले. प्रदेश आणि धर्म यांच्या भिंती ओलांडून झालेले हे मतदान होते. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या निवडणुकीत सुमारे १ कोटी ४३ लाखच मते पडली, म्हणजे मतदानाचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास राहिले. ‘सर्वांत स्वच्छ निवडणूक’ म्हणून जिची स्मृती जपली जाते तिच्यातही जवळजवळ दोन-तृतीयांश मतदार घरीच होते. स्वच्छ मोजणी आणि अल्प मतदान यांची ही जोडी पुढील आकडे वाचताना लक्षात ठेवावी.

२३ जून रोजी बाबांगिडा यांनी निवडणूक रद्द ठरविली. जुलैमध्ये लागोस व नैऋत्येतील शहरांत निदर्शने झाली; मानवी हक्क संघटनांच्या मते शंभराहून अधिक लोक मारले गेले. नोव्हेंबरमध्ये सानी अबाचा यांनी सत्ता घेतली. येथे पक्षांचे वर्तन निवडणूक रद्द होण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. विजयी पक्षाने आपल्या विजयासाठी लढावयास हवे होते. परंतु त्याचे नेते वाटाघाटीत विरघळले आणि खुद्द किंगिबे अबाचांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. जनादेशासाठी लढले ते पक्षाबाहेरचे लोक. १९९४ च्या उन्हाळ्यात तेल कामगारांनी अनेक आठवडे संप केला. त्यांचे नेते फ्रँक कोकोरी यांनी सुमारे चार वर्षे तुरुंगात काढली. अबिओला यांच्या पत्नी कुदिरात यांची ४ जून १९९६ रोजी लागोसमध्ये हत्या झाली. अबाचा ८ जून १९९८ रोजी वारले आणि ७ जुलै रोजी अबिओलाही कैदेतच मृत्यू पावले. आपले मत पक्ष राखू शकत नाही, ही समजूत नायजेरियन मनात याच पाच वर्षांत पक्की झाली असावी.

आकड्यांमागील माणसे

२९ मे १९९९ रोजी ओबासान्जो निर्वाचित राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. त्यांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीने पुढील सोळा वर्षे सत्ता राखली. उत्तर व दक्षिण यांनी आळीपाळीने राष्ट्राध्यक्षपद घ्यावे असा अलिखित करार या पक्षात होता. या करारामुळे अभिजनांतील स्पर्धा शमली, परंतु निर्णय मतपेटीत न होता पक्षाच्या बैठकीत होऊ लागला.

राज्यपातळीवर काय घडत होते याचे अनाम्ब्रा हे उदाहरण बोलके आहे. तेथील गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालासारखा नामनियुक्त नसून निवडून येतो, आणि त्याचे अधिकार आपल्या मुख्यमंत्र्याहून मोठे असतात. २००३ मध्ये ख्रिस एन्गिगे गव्हर्नर झाले. त्यांना निवडून आणल्याचा दावा करणारे पक्षातील धनिक ख्रिस उबा यांच्याशी त्यांचे बिनसले आणि त्याच वर्षी १० जुलै रोजी सशस्त्र पोलिसांनी विद्यमान गव्हर्नरांचेच अपहरण करून त्यांचा राजीनामा झाल्याचे घोषित करण्याचा प्रयत्न केला. या वादातून उघड झालेली गोष्ट अशी की, दोघांपैकी कोणालाही मतदारांविषयी भ्रम नव्हता. वाद कबूल केलेल्या मोबदल्याचा होता. तीन वर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर मार्च २००६ मध्ये एन्गिगे यांची निवड रद्द झाली आणि प्रतिस्पर्धी पीटर ओबी गव्हर्नर ठरले. २००३ मधील ६९ टक्के मतदानाच्या आकड्यात अशाच निवडणुकीतील मतेही मिळविलेली आहेत.

२००७ च्या निवडणुका किमान आंतरराष्ट्रीय निकषांनाही उतरत नाहीत असे युरोपीय निरीक्षकांनी म्हटले. विजयी उमरू यारअदुआ यांनी शपथविधीच्या भाषणातच त्रुटी मान्य केल्या. २०१० मध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक अत्ताहिरू जेगा निवडणूक आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी बोटांच्या ठशांसह नवी नोंदणी केली आणि २०१५ मध्ये ओळखपत्र वाचणारी यंत्रे आणली. राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांचे ठसे त्यांच्याच गावी, ओटुओके येथे, यंत्राने ओळखले नाहीत आणि सारे जग हसले. परंतु ही यंत्रे मुख्यतः दुसरेच काम करीत होती. मतदानाचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ५४ टक्के, २०१५ मध्ये सुमारे ४४, २०१९ मध्ये सुमारे ३५ आणि २०२३ मध्ये सुमारे २७ असे उतरत गेले. या घसरणीतील किती भाग लोकांच्या माघारीचा आणि किती भाग खोट्या मतांच्या गळतीचा, हे वेगळे करणे अवघड आहे. दोन्ही कारणे आहेत एवढे निश्चित. मात्र १९९३ चे ३५ टक्के लक्षात घेतल्यास मधल्या काळातील उंच आकड्यांकडेच अधिक संशयाने पाहावे लागते.

२०१५ ची आशा

तरीही २०१५ साली लोकांनी विश्वास ठेवला. फेब्रुवारी २०१३ मध्ये विरोधी पक्षांच्या विलीनीकरणातून ऑल प्रोग्रेसिव्ह्ज काँग्रेस उभी राहिली, आणि बुहारी यांनी १ कोटी ५४ लाख मते घेऊन जोनाथन यांचा पराभव केला. विद्यमान राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत हरण्याची नायजेरियातील ही पहिलीच वेळ. जोनाथन यांनी निकाल पूर्ण होण्यापूर्वी दूरध्वनीवरून बुहारींचे अभिनंदन केले. ३१ मार्च २०१५ हा दिवस नायजेरियन लोकशाहीचा कळसाध्याय म्हणावा लागेल.

पण नव्या पक्षात कोण होते? सत्ताधारी पक्षाचे पाच गव्हर्नर नोव्हेंबर २०१३ मध्येच तिकडे गेले होते. माजी उपराष्ट्राध्यक्ष अतिकू अबुबकर २०१४ मध्ये नव्या पक्षात आले आणि २०१७ मध्ये जुन्या पक्षात परतून २०१९ मध्ये त्याचे उमेदवार झाले. सत्तांतर झाले, परंतु माणसे फारशी बदलली नाहीत. २०१६ मध्ये देश मंदीत गेला. नागरिकाच्या हाती असलेला अखेरचा उपाय, सरकार बदलणे, वापरून झाला होता. माझ्या मते मतदारांची मोठी माघार येथून सुरू होते, कारण पराभवापेक्षा निष्फळ विजय अधिक निराश करतो.

मतपेटीबाहेर

१ जानेवारी २०१२ रोजी सरकारने पेट्रोलवरील अनुदान काढले आणि लिटरचा भाव ६५ नायरांवरून १४० च्या वर गेला. देशव्यापी संप व निदर्शने झाली आणि सरकारला भाव ९७ नायरांवर आणावा लागला. प्रतिनिधिगृहाने नेमलेल्या समितीने अनुदानातील प्रचंड अपहार उघड केला. लोकांना न्यायाची आशा वाटली. परंतु समितीचे अध्यक्ष फारूक लावन यांनाच चौकशीतून एका तेल कंपनीचे नाव वगळण्यासाठी लाच घेतल्याबद्दल पुढे शिक्षा झाली; जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

ऑक्टोबर २०२० मध्ये तरुण पिढी पोलिसांच्या दरोडाविरोधी विशेष पथकाच्या अत्याचारांविरुद्ध उभी राहिली. या आंदोलनाने एक गोष्ट जाणीवपूर्वक केली : नेता नेमला नाही. नेता विकत घेतला जातो, हा धडा आधीच्या पिढीकडून मिळाला होता. ‘फेमिनिस्ट कोअलिशन’ या स्त्रियांच्या गटाने वर्गणी जमवून खर्चाचा हिशेब वेळोवेळी जाहीर केला. पक्षांनी साठ वर्षांत जे केले नाही ते या तरुणींनी दोन आठवड्यांत करून दाखविले. २० ऑक्टोबरच्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर सैनिकांनी गोळीबार केला.

२०२२ मध्ये यांतील बरेच तरुण मतपेटीकडे परतले. पीटर ओबी लहानशा लेबर पार्टीतर्फे उभे राहिले. त्यांचाही हा तिसरा पक्ष होता हे त्यांच्या समर्थकांना ठाऊक होते. तरी त्यांना ६१ लाख मते पडली आणि टिनुबूंच्या बालेकिल्ल्यात, लागोसमध्ये, ते पहिले आले. निकाल प्रत्येक केंद्रावरून तत्काळ संकेतस्थळावर दिसतील असे आश्वासन आयोगाने दिले होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीच्या वेळी ती व्यवस्था चालली नाही. रोख चलनाची टंचाई, वाहतुकीवरील बंदी, केंद्रे उशिरा उघडणे ही अल्प मतदानाची इतर कारणेही नाकारता येत नाहीत. पण पहिल्यांदाच मत देणाऱ्या तरुणाच्या मनात काय राहिले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

२९ मे २०२३ रोजी टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोल अनुदान संपल्याचे सांगितले. महागाई भडकली. ऑगस्ट २०२४ च्या निदर्शनांत ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीनुसार किमान २४ जण मारले गेले. उत्तरेत काही निदर्शकांच्या हाती रशियाचे झेंडे दिसले, कोणी लष्कराला हाक मारली. नोव्हेंबरमध्ये अटकेतील अल्पवयीन मुलांना अबुजाच्या न्यायालयात आणले तेव्हा त्यांतील काही तेथेच कोसळली.

२० फेब्रुवारी २०२५ रोजी अबुजा येथे बाबांगिडा यांच्या आत्मचरित्राचे प्रकाशन झाले. १२ जूनची निवडणूक अबिओला जिंकले होते, असे त्यांनी त्यात बत्तीस वर्षांनी मान्य केले आहे. समारंभास राष्ट्राध्यक्ष टिनुबू उपस्थित होते. १९९० च्या दशकात त्याच जनादेशासाठी त्यांनी परदेशात आश्रय घेतला होता. लेखकाच्या नियोजित ग्रंथालयासाठी त्या एका दिवसात १७ अब्ज नायरांहून अधिक देणग्या जाहीर झाल्या.